लवंगेच्या व्यापाऱ्याचा नातू

सांगलीच्या गणपती पेठेतील किंवा साताऱ्याच्या मोती चौकाजवळचे एखादे व्यापारी घर डोळ्यांपुढे आणावे. सूर्य मावळण्यापूर्वी जेवणे उरकली आहेत. दुकानाची रोजकीर्द मिळवून झाली आहे. सुट्टीला आलेली नात घरातल्या प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारत फिरते आहे आणि आजचा प्रश्न असा, की आवडता ब्रिटिश चित्रपट-अभिनेता कोण? एकच नाव सांगायचे. दोन चालणार नाहीत.

उत्तरे भराभर येतात. आजोबा चार्ली चॅप्लिनचे नाव घेतात. वडिलांना रॉजर मूर आठवतो. १९८३ चा ‘ऑक्टोपसी’ उदयपूरला चित्रित झाला होता आणि राजस्थानात मुळे असलेल्या घरात ही गोष्ट विसरली जात नाही. काका अँथनी हॉपकिन्सचे नाव सुचवतात आणि त्याची सर्वांत गाजलेली भूमिका माणसाचे मांस खाणाऱ्याची आहे हे कळताच आजी उठून स्वयंपाकघराकडे वळतात. दारातूनच त्या आपले मत देतात: “तो गांधीजी झालेला, तो माझा.” यावर काकांची हरकत तयार असते: “आई, तो ब्रिटिश कुठला? तो आपलाच.” आणि नात मोबाइलवर पाहून सांगते, “आजी, त्याचं खरं नाव कृष्ण आहे.”

खेळ इथेच संपू शकला असता. परंतु आजींच्या उत्तराने आणि काकांच्या हरकतीने एक गाठ बसली आहे, ती सोडवून पाहण्याजोगी आहे. आवडता नट निवडायचा म्हणजे त्याच्या चेहऱ्याची निवड करायची, की त्याने केलेल्या कामाची? आणि ज्याने आपल्या वडिलांकडून आलेले नाव बाजूला ठेवून कीर्ती मिळवली, त्याला ‘आपला’ म्हणून जवळ करण्याचा अधिकार कोणाला?

सातारा-सांगलीच्या माणसाने इंग्रजी नटांची तुलना करावी हे वरकरणी अप्रस्तुत वाटेल. तसे ते नाही. इंग्रजी रंगभूमीवरील मोठ्या भूमिका तोलण्याची सवय या कृष्णाकाठाला चित्रपटाच्या जन्मापूर्वीपासून आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ मध्ये जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी शेक्सपिअरचा ‘हॅम्लेट’ मराठीत आणला. कोल्हापूरच्या दिवाणांविषयीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या बंदिवासातील उद्योगांपैकी हे भाषांतर एक. १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. साताऱ्याचे जुने नाव शाहूनगर. ते नाव धारण करणाऱ्या शाहूनगरवासी नाटक मंडळीने पुढे हे नाटक रंगभूमीवर गाजवले आणि गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट महाराष्ट्रभर दंतकथा होऊन राहिला. सांगलीला खेटून असलेल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिले, ते १८९० मध्ये. आणि याच सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले होते, त्यामुळे नाटक पाहून त्यावर मत देणे हा इथल्या पेठांचा जुना परिपाठच आहे.

हरिपूरचे आणखी एक वैशिष्ट्य या पानाच्या वाचकांना सांगायला नको. हळदीची पेवे तिथलीच. जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. २००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळशी निकामी केली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याआधी कितीतरी पिढ्या या पेठेने तिची पारख बोटांच्या चिमटीवर केली. कांड मोडून रंग पाहायचा, वास घ्यायचा, मगच भाव बोलायचा. नटाची निवडही याच रीतीने करावी. पोत्यावरचा शिक्का पाहून मालाची किंमत ठरत नाही.

प्रथम लॉरेन्स ऑलिव्हिए. विसाव्या शतकातील इंग्रजी नटांचा मेरुमणी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९४८ चा ‘हॅम्लेट’ त्यांनीच दिग्दर्शित केला, त्यात मुख्य भूमिका केली आणि तो सर्वोत्कृष्ट चित्रपट व सर्वोत्कृष्ट अभिनेता अशी दोन्ही ऑस्कर पारितोषिके घेऊन गेला. कृष्णधवल चित्रपट, दगडी किल्ला, जिने, धुके आणि त्यांतून फिरणारा तो एकाकी राजपुत्र. आगरकरांच्या भाषांतराची ओळख असलेल्या वाचकाने तो पाहिला तर त्याला जुन्या ओळखीचा माणूस परक्या पोशाखात भेटल्यासारखे वाटेल. ऑलिव्हिए यांचा आवाज, त्यांचे उच्चार, त्यांचा डौल, सारे अव्वल. परंतु १९६५ चा ‘ऑथेल्लो’ पाहताना मन अडखळते. त्यात त्यांनी सर्वांगाला काळा रंग फासला आहे, चाल बदलली आहे, आवाज खाली नेला आहे; मेहनत अफाट आहे आणि तरी आपण एका माणसाकडे न पाहता त्याच्या वेषांतराकडे पाहत राहतो. त्या भूमिकेलाही ऑस्करचे नामांकन होते. आज ती दाखवताना इंग्रजांनाही संकोच वाटतो.

दुसरे ॲलेक गिनेस. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मधील त्यांचा कर्नल निकल्सन विसरता येत नाही, शिस्तीच्या अभिमानापायी शत्रूसाठीच उत्तम पूल बांधून देणारा तो अधिकारी म्हणजे मानकषायाचे जिवंत चित्र आहे. पण मराठी प्रेक्षकाची खरी गंमत पुढे आहे. डेव्हिड लीन यांच्या १९८४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’त याच गिनेस यांनी प्राध्यापक गोडबोले यांची भूमिका केली. होय, गोडबोले. कादंबरीकार फॉर्स्टर काही काळ मध्य भारतातील देवास या मराठा संस्थानात महाराजांचे खासगी चिटणीस होते, तेव्हा दक्षिणी ब्राह्मण त्यांना अपरिचित नव्हता. चेहऱ्याला सावळा रंग, डोक्याला पगडी आणि मुद्रेवर गूढ शांती घेऊन गिनेस पडद्यावर वावरतात. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला मात्र ते पाहताना हसू आवरत नाही. कोणत्याही खऱ्या गोडबोल्यांच्या घरी असा मनुष्य पाहुणा म्हणून आला, तर त्याला चहा विचारण्याआधी ‘आपण कोठले?’ हे विचारले जाईल. एवढा थोर नट, आणि भूमिका बाहेरून गोळा केलेल्या खुणांवर उभी राहिली.

चॅप्लिन यांच्याविषयी वाद नाही. त्यांच्या मूकपटांना भाषेची गरजच नव्हती, म्हणून ते सांगलीचे तितकेच जितके लंडनचे. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले असता दोघांची भेटही झाली आणि यंत्रांच्या प्रश्नावर चॅप्लिन यांनी त्यांना प्रश्न विचारले. आजोबांच्या निवडीला कोणीच नाव ठेवणार नाही. पण चॅप्लिन बहुतांशी चॅप्लिनच राहिले. टोपी, काठी, मिशी. ते दुसरा कोणी झाले नाहीत, त्यांना होण्याची आवश्यकताही नव्हती.

आता आजींची निवड.

सर बेन किंग्जली यांचा जन्म ३१ डिसेंबर १९४३ रोजी इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात झाला. जन्मनाव कृष्ण भानजी. आई इंग्रज, अभिनयाच्या क्षेत्राशी संबंध असलेली. वडील डॉक्टर, जन्माने केनियाचे, वंशाने गुजराती खोजा. आजोबा मसाल्याच्या पदार्थांचे व्यापारी. हिंदुस्थान सोडून ते झांझिबारला गेले आणि तेथे त्यांनी आपला जम बसवला. झांझिबार म्हणजे लवंगेचे बेट. पूर्व आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर कच्छ-काठियावाडचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या जात होते, त्यांपैकीच हे एक कुटुंब. आपल्या आजोबांना लवंगेचा राजा अशा अर्थाच्या टोपणनावाने ओळखले जाई आणि आपण घेतलेले आडनाव त्याच टोपणनावावरून बेतले आहे, असे किंग्जली यांनी स्वतः सांगितले आहे. ‘बेन’ हे वडिलांचे शाळेतले टोपणनाव. म्हणजे नाव बदलले, पण बाहेरून विकत आणले नाही. घरच्याच गाठोड्यातून काढले.

ते बदलावे का लागले, याची हकीकत त्यांनी अनेकदा सांगितली आहे. कृष्ण भानजी या नावाने त्यांनी एका नाट्यसंस्थेत चाचणी दिली. अभिनयाची स्तुती झाली. परंतु येत्या हंगामात आपल्याला कोठे बसवावे हे आम्हाला समजत नाही, असे उत्तर मिळाले. नाव बदलून ते दुसरीकडे गेले तेव्हा कामावर कधी येता एवढेच विचारण्यात आले. माल तोच, वजन तेच, फक्त पोत्यावरचा शिक्का वेगळा. व्यापारात असा अनुभव आलेल्या माणसाला याचे दुःख निराळे समजावून सांगावे लागत नाही.

यात कोणाला लाचारी दिसेल. मुलाचे नाव बारशाच्या दिवशी सगळ्या गोतावळ्यासमोर ठेवले जाते. ते परदेशातल्या एका खोलीत, एका कारकुनाच्या सोयीसाठी बाजूला पडावे, हे आई-बापांना लागणारच. आज लेस्टरला किंवा लंडनला शिकायला गेलेली आपली मुलेही पहिल्याच महिन्यात नावाचे दोन अक्षरी तुकडे करून घेतात आणि घरी फोनवर ते सांगत नाहीत. किंग्जली यांनी निदान ही गोष्ट लपवली नाही. उलट, महात्मा गांधींची भूमिका मिळण्यासाठी आपल्याला भारतीय नाव टाकून इंग्रजी कानांना सोपे नाव घ्यावे लागले, यातील विसंगती त्यांनी स्वतःच बोलून दाखवली आहे.

त्या भूमिकेकडे येण्यापूर्वी एक टप्पा ध्यानात घ्यावा, कारण तो आपल्या कृष्णाकाठाशी जुळतो. किंग्जली १९६७ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत दाखल झाले. १९७५ मध्ये एका छोट्या प्रायोगिक नाट्यगृहात त्यांनी हॅम्लेट साकारला. १९८५ मध्ये त्याच संस्थेत ऑथेल्लो. टेंभूच्या आगरकरांनी मराठीत आणलेला राजपुत्र आणि हरिपूरच्या देवलांनी मराठीत आणलेला सेनापती, दोन्ही या एका माणसाच्या अंगाखांद्यावरून गेले. शेक्सपिअरच्या नाटकातील परका, उपराळा ऑथेल्लो करण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न ऑलिव्हिए यांच्या बाबतीत रंगाच्या डबीत अडकला होता. ज्याने आपल्या नावामुळे दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव घेतला होता, त्याच्याकडे त्या भूमिकेसाठी थोडी वेगळी शिदोरी असणार.

‘गांधी’ हा चित्रपट रिचर्ड ॲटनबरो यांच्या वीस वर्षांच्या चिकाटीचे फळ. लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात काम करणाऱ्या मोतीलाल कोठारी यांनी १९६२ मध्ये त्यांना गांधीजींवर चित्रपट काढण्याचा आग्रह केला. ॲटनबरो स्वतः नट. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’त त्यांनी जनरल औट्रमची भूमिका केली, ती आपल्याकडे अनेकांनी पाहिली असेल. पैसा जमेना, काम मागे पडत राहिले, आणि कोठारी १९७० मध्ये निवर्तले. त्यांना चित्रपट पाहता आला नाही. अखेर भारताच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने खर्चाचा वाटा उचलला आणि १९८० च्या नोव्हेंबरात चित्रीकरणास प्रारंभ झाला. गांधीजींचे काम परकीयाने का करावे, असा विरोध इथे झाला होता. तो अगदीच निराधार नव्हता. भारतात नटांचा दुष्काळ नव्हता, आणि किंग्जली यांच्याही चेहऱ्याला रंगभूषा लागलीच.

मग गिनेस यांच्या गोडबोल्यांत आणि या गांधींत फरक कोठे पडतो? चांगला व्यापारी इथेच पोत्यात हात घालील. किंग्जली यांनी वजन उतरवले, योगासने केली, गांधीजींची जुनी चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली आणि चरख्यावर सूत काढायला ते शिकले. चित्रपटात मार्गारेट बर्क-व्हाइटशी बोलताना ते सूत कातत आहेत, तो प्रसंग पाहावा. बोलणे एकीकडे चालू आहे, विनोद होतो आहे, पण हात धाग्याचे ऐकतो आहे. कापड-पेठेत ज्यांचा जन्म गेला त्यांना खोटा हात लगेच कळतो; हा हात खोटा वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेतील सुटाबुटातला तरुण बॅरिस्टर आणि शेवटी बिर्ला भवनात प्रार्थनेला निघालेला वृद्ध, या दोहोंच्या मध्ये पंचावन्न वर्षांचे अंतर आहे. ते अंतर किंग्जली यांनी पाठीच्या कण्यावर आणि पावलांच्या गतीवर दाखवले आहे.

त्या अंतराला कापडाचे साहाय्य कोल्हापूरहून मिळाले, हेही इथेच सांगावे. भानू अथय्या मूळच्या कोल्हापूरच्या. ‘गांधी’च्या वेषभूषेसाठी जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना ऑस्कर मिळाले आणि ते पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. सूट, काठियावाडी अंगरखा व पागोटे, मग पंचा: एका माणसाचे वस्त्र कमी कमी होत जाते आणि माणूस मोठा होत जातो. हे पडद्यावर विश्वसनीय करणे म्हणजे नुसते शिवणकाम नव्हे. आपल्या घरांत अपरिग्रहाचे व्याख्यान पुष्कळदा ऐकलेले असते. इथे ते कापडाच्या वारांत मोजून दाखवले आहे.

आता साताऱ्याचा माणूस. डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी सातारा येथे झाला. व्यवसायाने कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. साठच्या दशकात ते टांझानियातील टाबोरा येथे वैद्यकी करत होते; म्हणजे ज्या देशाच्या किनाऱ्यावरील बेटात भानजी आजोबांनी लवंगेचा व्यापार केला, त्याच देशात साताऱ्याचा हा डॉक्टर रुग्ण तपासत होता. १९६९ मध्ये त्यांनी वैद्यकी सोडून रंगभूमीला वाहून घेतले आणि १९७० मध्ये कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकर उभे केले, आयुष्यभर शेक्सपिअरच्या राजांच्या भूमिका करून शेवटी स्वतःच्याच घरात लिअर होणारा तो म्हातारा नट. वडिलोपार्जित संपत्ती मुलांच्या नावे करून देण्याआधी आमच्याकडच्या कितीतरी वडीलधाऱ्यांनी ते नाटक आठवले असेल.

‘गांधी’ चित्रपटात डॉ. लागू गोपाळ कृष्ण गोखले झाले आहेत. भूमिका मिनिटांत मोजावी एवढी लहान. आफ्रिकेहून परतलेल्या गांधींच्या स्वागतासाठी मुंबईत एका बागेत मेजवानी आहे. पटेल आहेत, जिना आहेत, तरुण नेहरू आहेत. त्या गर्दीतून आजारी गोखले गांधींना बाजूला घेऊन चालत निघतात आणि आधी हा देश पाहा, असे सांगतात. पुढच्याच दृश्यांत गांधी तिसऱ्या वर्गाच्या गाडीतून हिंदुस्थान पाहत निघाले आहेत. इतिहासातही गोखल्यांचा सल्ला असाच होता आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते गेले. या दृश्यात दोन नट शेजारी शेजारी चालतात. एक आयुष्यभर शेक्सपिअर करून आलेला इंग्रज, दुसरा लिअरचे मराठी दुःख शेकडो वेळा भोगून आलेला सातारकर. डॉ. लागू यांचा आवाज चढत नाही. ते गांधींकडे पाहतात ते गुरूच्या नजरेने; आणि किंग्जली तिथे काय करतात? ते ऐकतात. चित्रपटाचा नायक, सगळा भार ज्याच्यावर, तो त्या क्षणी मान किंचित झुकवून दुसऱ्या नटाला पूर्ण जागा देतो. गोखले हे आगरकरांचे सहकारी. १८८८ मध्ये निघालेल्या ‘सुधारक’ पत्राचा इंग्रजी भाग ते सांभाळत. टेंभूच्या माणसाने हॅम्लेट आणला, त्याच्या सहकाऱ्याची भूमिका साताऱ्याच्या माणसाने केली, आणि समोर उभा राहून ऐकणारा इंग्लंडचा एक हॅम्लेट होता. एवढा योगायोग नाटककाराने लिहिला असता तर समीक्षकांनी त्याला फटकारले असते.

‘गांधी’ला एकूण ८ ऑस्कर पारितोषिके मिळाली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या स्पर्धेत डस्टिन हॉफमन, पॉल न्यूमन आणि पीटर ओटूल यांच्यासारखे दिग्गज होते. ११ एप्रिल १९८३ च्या रात्री नाव किंग्जली यांचे पुकारले गेले. कस्तुरबा झालेल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांना ब्रिटनच्या चित्रपट अकादमीचे पारितोषिक मिळाले. भारत सरकारने १९८४ मध्ये किंग्जली यांना पद्मश्री दिली, २००२ मध्ये इंग्लंडच्या राणीने ‘सर’ केले.

एका भूमिकेवर माणूस निवडू नये, असा आक्षेप काका घेतीलच. तो योग्य आहे. एका हंगामाच्या मालावरून पेढीची पत ठरत नाही. किंग्जली यांनी पुढे गुंड केले, धूर्त दलाल केले. २००० च्या ‘सेक्सी बीस्ट’ या चित्रपटातला त्यांचा शिवराळ, हिंस्र माणूस पाहिला तर हाच गांधी होता यावर विश्वास बसत नाही, आणि तो चित्रपट घरातल्या मुलांसमोर लावण्यासारखा मुळीच नाही. अमिताभ बच्चन यांच्यासह २०१० मध्ये त्यांनी ‘तीन पत्ती’ हा हिंदी चित्रपटही केला. सप्तव्यसनांतल्या पहिल्याच व्यसनावरचा हा चित्रपट विशेष जमला नाही, हे एका अर्थी बरेच झाले.

परंतु व्यापारी घराने किंग्जली यांची जी भूमिका पाहायलाच हवी ती १९९३ च्या ‘शिंडलर्स लिस्ट’मधील इत्झाक स्टर्न. स्टर्न हा हिशेबनीस आहे. नाझींच्या ताब्यातील पोलंडमध्ये जर्मन कारखानदार शिंडलर नफ्यासाठी ज्यू कामगार ठेवतो आणि त्याचा सगळा कारभार हा ज्यू हिशेबनीस पाहतो. किंग्जली यांच्या हाती इथे कोणतेही शस्त्र नाही, मोठे भाषण नाही. चष्मा, टंकयंत्र, कागद. एखाद्या म्हाताऱ्या शिक्षकाला तो कुशल कामगार म्हणून दाखवणारा दाखला मिळवून देतो. वहीतल्या एका नोंदीने एक माणूस छळछावणीच्या गाडीत चढण्यापासून वाचतो. शेवटी अकराशेहून अधिक जिवांची यादी तयार होते आणि ती टंकित करताना किंग्जली यांच्या चेहऱ्यावर जवळजवळ काहीच हलत नाही. जमाखर्चाची ओळ म्हणजे नुसता आकडा नसून तिच्यामागे एक जीव उभा असू शकतो, हे इतक्या शांतपणे दुसऱ्या कोणत्या नटाने दाखवले असेल? प्रत्यक्षातील दोन-तीन व्यक्ती एकत्र करून हे पात्र लिहिले आहे. पण जुन्या पेढीवरच्या मुनीमजींना ओळखणाऱ्याला ते पात्र मुळीच परके वाटणार नाही.

ऑलिव्हिए यांचा डौल मोठा, गिनेस यांची सफाई मोठी, चॅप्लिन यांची करुणा मोठी. तरीही निवड किंग्जली यांचीच व्हावी, आणि ती ‘आपला’ म्हणून होऊ नये. काकांची हरकत इथेच फेटाळावी लागते. जन्म यॉर्कशरचा, शिक्षण इंग्लंडचे, नाट्यविद्या शेक्सपिअरच्या घरची. हा माणूस पूर्णतः ब्रिटिश आहे आणि प्रश्नही ब्रिटिश नटाचाच होता. रक्ताच्या नात्याने ज्याच्यावर हक्क सांगितला जातो, त्याचे कष्ट अनेकदा त्याच नात्याच्या खात्यावर जमा होतात. गुजराती आजोबा असल्याने कोणी सूत कातायला शिकत नाही, आणि आजोबा लवंगेचा राजा होता म्हणून कोणाला हिशेबनिसाची बोटे मिळत नाहीत. ते त्याने स्वतः मिळवले आहे.

एवढे झाल्यावर नात पुन्हा आजींकडे वळते. तिला आपल्या यादीत नाव लिहायचे आहे आणि ते कोणते लिहावे याचा निर्णय होत नाही: बेन किंग्जली की कृष्ण भानजी? आजी ताटाला लागलेली कणीक पुसत क्षणभर थांबतात.

“त्याने स्वतः कोणतं लावलं?”

“बेन किंग्जली.”

“मग तेच लिही बेटा. दुसरं खाली, बारीक अक्षरात.”